देवयानीची टक्कर आणि वर्षभराच्या नोंदी

चैत्र अमावास्या, २७ एप्रिल २०२५. जुन्नरच्या पुढे, नाणेघाटाच्या वाटेवर. ८ इंची डॉब्सोनियन (आरशाची दुर्बीण), २५ मिमीची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग).

रात्री साडेअकराला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला सर्वांत वर आला. वर म्हणजे जेमतेम २३ अंश. आधी नुसता धुकट गोळा, मग डोळा सरावला तशी काळ्या घोंगडीवर बाजरी सांडावी तसे तारे कडेपासून आतपर्यंत सुटे होत गेले. पाऊण तास मी तिथून हललो नाही. हा साधा तारकागुच्छ नसून आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या दीर्घिकेचा (आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या विश्वाचा) उरलेला गाभा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

पहाटे चारला धनूतला एम ५४ हा तारकागुच्छ. तारा एकही सुटा झाला नाही. पण १९९४ साली धनू बटू दीर्घिका सापडली आणि हा गुच्छ तिच्या गाभ्याशी आहे हे कळलं. आकाशगंगा तिचे लचके अजूनही तोडतेय.

कार्तिक अमावास्या, २० नोव्हेंबर. तीच जागा, कडाक्याची थंडी. नऊच्या सुमारास देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका जवळपास डोक्यावर. मागचे दोन हिवाळे हुलकावणी देणारा धुळीचा काळा पट्टा तिरक्या नजरेने अखेर दिसला! तिच्या सोबतच्या छोट्या दीर्घिका एम ३२ आणि एम ११० एकाच दृश्यक्षेत्रात.

२५ लाख प्रकाशवर्षांवरून ती सेकंदाला सुमारे ११० किमी वेगाने आपल्याकडे येतेय. २०१२ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांवरून ४ अब्ज वर्षांनी टक्कर नक्की, असं सांगितलं गेलं आणि मीही मुलांना तेच सांगत आलो. जून २०२५ मध्ये हबल आणि गाया या अवकाश दुर्बिणींची ताजी मोजमापं घेऊन केलेलं गणित प्रसिद्ध झालं : पुढच्या १० अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता सुमारे ५० टक्के. शेजारच्या एम ३३ दीर्घिकेची ओढ ती शक्यता वाढवते, आपल्याभोवती फिरणाऱ्या मोठ्या मॅजेलन मेघ या छोट्या दीर्घिकेची कमी करते. त्या रात्री सोबत आलेल्या पोरांना मी ‘नक्की’ हा शब्द गाळून सांगितलं, आणि मला ते जास्त आवडलं.

मोठा मॅजेलन मेघ मात्र २ अब्ज वर्षांच्या आसपास आपल्यात मिसळणार, हे जवळपास ठरलेलं. जुन्नरहून तो क्षितिजाला टेकलेलाच राहतो. म्हणून पौष अमावास्येला, १८ जानेवारी २०२६ ला, कन्याकुमारी. तिथे तो १२ अंश वर येईल. डॉब्सोनियन नेता येणार नाही, १०×५० ची दुर्बीण घेतोय.