एकच बोट, पाच नावं

सोलापुरात बोट म्हणजे फार तर कंबर तलावातली. त्या तलावाचं कागदावरचं नाव धर्मवीर संभाजी तलाव, पण रिक्षावाल्याला तसं सांगा, तो जरा विचार करणार आणि मग विचारणार, "म्हणजे कंबर तलाव ना?" तर असल्या गावातला माणूस टगबोटीवर लिहितोय म्हटल्यावर मित्र हसणार, हसू देत.

टगबोट म्हणजे मोठ्या जहाजांना दोर लावून ओढणारी छोटी पण दणकट बोट. मला जिचं वेड लागलंय ती अमेरिकेतली, अख्खी लाकडी, 1889 ला पोर्टलंडला बांधलेली. पहिलं नाव वॉलोवा. कोलंबिया नदीच्या मुखाशी शिडाची जहाजं आतबाहेर ओढायची, मग 1898 ला, कॅनडात क्लोंडाइकला सोनं सापडलं म्हणून लोक तिकडे धावत सुटले त्या धावपळीत अलास्काकडे गेली, पुढे एका लाकूड कंपनीकडे ओंडके ओढत बसली. मालक बदलत गेले, नाव तेच.

1929 ला फॉस कंपनीने घेतली. ही कंपनीपण 1889 चीच, टॅकोमात थिया फॉस नावाच्या नॉर्वेहून आलेल्या बाईने पाच डॉलरला एक वल्ह्याची होडी घेऊन सुरू केलेली. 1933 ला 'टगबोट अ‍ॅनी' सिनेमात हीच वॉलोवा 'नार्सिसस' नावाने झळकली. लगेच पुढच्या वर्षी वाफेचं इंजिन काढून 700 हॉर्सपॉवरचं डिझेल बसवलं आणि थियाच्या मुलावरून नाव ठेवलं आर्थर फॉस. युद्धात वेक बेटावर जपानी हल्ला व्हायच्या जरा आधी ही तिथून निघाली म्हणून वाचली, नंतर नौदलात गेली आणि तिथे झाली डोहासन. युद्ध संपल्यावर कंपनीकडे परत आली, परत आर्थर फॉस.

इथपर्यंत ठीक आहे. मला राग येतो तो 1964 चा. कंपनीला नवीन बोटीसाठी आर्थर फॉस हे नाव पाहिजे होतं, म्हणून म्हातारीचं काढून घेतलं आणि तिला केलं थिओडोर फॉस. म्हणजे घरात नवीन सून आली म्हणून सासूचं नाव बदलायचं! चार वर्षं तशीच राबली, 1968 ला रिटायर, 1970 ला एका संस्थेला दान दिली तेव्हा कुठे आर्थर फॉस परत मिळालं. काम सुटल्यावर.

एवढं मनाला लागायचं कारण म्हणजे आमच्या शेडमधला तीन नंबरचा यंत्रमाग. बाबांनी सेकंडहँड घेतलेला. मागच्या दिवाळीत रंग द्यायचा म्हणून पॉलिश पेपर मारला तर हिरव्याखाली निळा, निळ्याखाली करडा आणि त्यावर ब्रशने लिहिलेली जुन्या मालकाची अक्षरं, अर्धी गेलेली. मी घासत होतो तर बाबा म्हणाले, "अरे राहू दे की तेवढं, त्यांनी पण त्याच्यावर पोरं शिकवली." मग तेवढी जागा सोडून रंग दिला, वाईट दिसतंय पण आहे.

परवा त्याच मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा, अडकायला लागला म्हणून मेकॅनिकला फोन केला. म्हटलं तीन नंबर. त्याला कळेचना. मग म्हणाला, "कुठला बे, जुन्या शेठचा का?"

हो बाबा, तोच. ये लवकर.