मुलांना घेऊन ग्रॅनाडा: अल्हंब्राची एक सकाळ, आल्बायसीनची एक संध्याकाळ

स्पेनमधल्या ग्रॅनाडा शहराचं सगळं वेळापत्रक एका तिकिटावर टांगलेलं असतं. अल्हंब्रा म्हणजे इथल्या सुलतानांचा टेकडीवरचा किल्ला, राजवाडे आणि बागा. त्याच्या सर्वसाधारण तिकिटावर नासरी राजवाड्यांसाठी (नासरी हे त्या सुलतानांचं घराणं) अर्ध्या तासाची वेळ छापलेली असते. त्या अर्ध्या तासात दारात हजर नसलात तर आत सोडत नाहीत, मग बरोबरचं मूल कितीही रडो. म्हणून तारखा ठरल्या की हॉटेलच्याही आधी हे तिकीट काढावं, आणि तेही अल्हंब्राच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. प्रौढांना वीस युरोंच्या आसपास पडतं. बारा वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत, पण तिकीट लागतंच. ते मोठ्यांच्या तिकिटांबरोबर काढायचं राहिलं, तर दारात मुलाची अडचण होते.

तिकीट नावानिशी मिळतं आणि आत जाताना पासपोर्ट तपासतात. आपल्याकडे पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. फॉर्म भरताना ते गाळू नका, पासपोर्टवर आहे तसंच अक्षरशः भरा. मूळ पासपोर्ट त्या दिवशी जवळ हवेत, मुलांचेही.

आता क्रम. बहुतेक सहली आधी राजवाडे, मग बागा असा करतात. मुलं बरोबर असतील तर आमचं मत उलट आहे. नासरीची वेळ साडेअकराची घ्यावी आणि साडेआठला दार उघडताच हेनेरालिफेच्या बागेत शिरावं. मुख्य प्रवेशद्वारापासून ती अगदी जवळ आहे, सकाळी तिथे गर्दी नसते, शिवाय पाणी वरून खाली ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने आपणही चालतो. मुलांना राजे-सुलतानांच्या वंशावळीपेक्षा हा धागा जास्त पकडून ठेवतो. दारो नदीचं पाणी काही किलोमीटर वरच्या बाजूला वळवून शाही कालव्याने इथे आणलं. ते आधी बागेला, मग राजवाड्यांना मिळतं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्या मुलाला ही युक्ती चटकन समजते. बागेच्या वरच्या टोकाला पाण्याचा जिना आहे, त्याच्या दोन्ही कठड्यांवरच्या पन्हळीतून पाणी खळखळत खाली येतं. तिथे वीस मिनिटं जातातच, ती धरूनच चाला.

पावणेदहाला निघून अल्काथाबा या किल्ल्याकडे चालायला लागा. मुलांच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हा भाग उन्हाचा तडाखा वाढण्याआधी उरकावा, कारण आत सावली जवळजवळ नाही. जेमतेम उंचीच्या भिंतींची जी जाळी खाली दिसते, ती सैनिकांच्या वस्तीच्या घरांची जोती. तोर्रे दे ला वेला या बुरुजाचा जिना अरुंद आहे, लहान मुलाला भिंतीच्या बाजूने चालवा. 2 जानेवारी 1492 रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर ख्रिस्ती राजा-राणीकडे सोपवलं, आणि दरवर्षी त्या तारखेला या बुरुजावरची घंटा वाजते.

अकराला खाली या. पाचव्या कार्लोसच्या राजवाड्याच्या परिसरात स्वच्छतागृह आणि पाणी उरकून घ्या, नासरीच्या रांगेत लागल्यावर परत फिरणं महागात पडतं. बाबागाडी राजवाड्यांत नेता येत नाही, छोटी सॅक पाठीवरून पोटावर घ्यायला लावतात. तान्ह्यासाठी कापडी झोळी घरूनच न्यावी.

आत दोन गोष्टींवर वेळ घालवा. पहिली, विलायती मेंदीच्या (मर्टलच्या) अंगणातला हौद. तो सुमारे 34 मीटर लांब आहे आणि दोन्ही टोकांना जमिनीलगत गोल संगमरवरी कारंजी आहेत. त्यांचं पाणी आधी गोल खळग्यात फिरतं, मग छोट्या पाटाने संथपणे हौदात उतरतं. त्यामुळे तरंग फारसे उठत नाहीत आणि 45 मीटर उंच कोमारेस बुरुजाचं प्रतिबिंब मोडत नाही. मुलाला गुडघ्यावर बसून तो पाट पाहू द्या, बोट मात्र बुडवू देऊ नका.

दुसरी, सिंहांचं अंगण. बारा सिंह मोजून होतात आणि मुलं कंटाळतात. त्यापेक्षा चेहऱ्यांतले फरक शोधायला सांगा, कारण सगळे सारखे कोरलेले नाहीत. शेजारच्या दोन बहिणींच्या दालनाचं छत हजारो छोट्या गिलाव्याच्या कोनाड्यांचं आहे. मान दुखू नये म्हणून खिशात छोटा आरसा ठेवा, तो तळहातावर धरला की छत खाली येतं. भिंतींवर जी एकच अरबी ओळ पुन्हापुन्हा दिसते, तिचा अर्थ ‘ईश्वराखेरीज विजेता कोणी नाही’. ती कुठेकुठे आहे हे शोधणं हा उत्तम खेळ, फक्त नक्षीला हात लावल्यास रखवालदार लगेच ओरडतात. एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही.

पार्तालच्या बागेतून निघून न्यायद्वारातून (हे 1348 चं) गोमेरेसच्या उतारावरून पंधरा-वीस मिनिटांत खाली शहरातल्या प्लाथा नुएवा या चौकात पोचता. वर जाताना हाच चढ मुलांना नको, त्यासाठी सी-30 किंवा सी-32 ही छोटी बस. दुपारचं जेवण दीड ते चार आणि रात्रीचं साडेआठनंतर, मधल्या वेळेत अनेक स्वयंपाकघरं बंद असतात. पिशवीत खाकरे, चिवडा असलेला बरा. इथे पेयाबरोबर तापस, म्हणजे खाण्याच्या छोट्या बश्या, फुकट मिळतात, पण ते हॅमचे (डुकराच्या मांसाचे) निघण्याची शक्यता मोठी. ‘मांस नको’ एवढं म्हटलं तर ट्यूना येतो, तेव्हा मासे आणि हॅम वेगळं सांगायचं. शाकाहाऱ्यांनी तळलेली वांगी मागवावीत, त्यांवर चक्क उसाची काकवी घालतात. साल्मोरेखो हे गार सूप टोमॅटोचं असलं तरी वर अंडं आणि हॅम असतं.

संध्याकाळ आल्बायसीनची, म्हणजे अल्हंब्रासमोरच्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीची. दगडगोट्यांच्या फरशीवर बाबागाडी चालत नाही आणि चपला घसरतात. सी-31 ने वर जाऊन खाली चालत यावं. तिथल्या सान निकोलास चौकाच्या कठड्यावरून अल्हंब्रा समोर दिसतं, पण सूर्यास्ताला तिथे खिसेकापू असतात, मुलाचा हात आणि मोबाइल दोन्ही धरा. कॅथेड्रलजवळ कोणी रोझमेरीची काडी हातात दिली तर घेऊ नका, नंतर पैशांचा तगादा लागतो. दारोकाठचं अकराव्या शतकातलं हम्माम, बान्युएलो, वीस मिनिटांत होतं. त्याच्या छतातली चांदणीच्या आकाराची भोकं मुलांना आवडतात.

मे महिन्याची सुट्टी चांगली. दिवाळीत यायचं तर 15 ऑक्टोबरपासून अल्हंब्रा संध्याकाळी सहालाच बंद होतं आणि रात्री स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्ट टाळाच. सर्वसाधारण तिकीट संपलं असेल तर फक्त बागा आणि किल्ल्याचं वेगळं तिकीट मिळतं, राजवाडे त्यात नाहीत, पण सहा वर्षांखालच्या मुलांना तेवढं पुरे. उरलेल्या अर्ध्या दिवसात विज्ञान संग्रहालय, पार्के दे लास सिएन्सियास, बघावं. सोमवारी ते बंद असतं.