'आई'च्या अक्षरात घोडा कशाला?

हौस म्हणून चिनी शिकायला घेतलं आणि पहिले दोन दिवस एकदम झकास गेले. डोंगराचं अक्षर म्हणजे तीन सुळके, माणूस म्हणजे पाय फाकून उभा असलेला माणूस, तोच झाडाला टेकला की 'विश्रांती', सूर्य-चंद्र शेजारी बसवले की 'उजेड'. मी जो भेटेल त्याला सांगत सुटले की अरे ही चित्रलिपी आहे, पोरखेळ आहे. तिसऱ्या दिवशी 'आई' आली. डावीकडे बाई, बरोबर, आणि उजवीकडे चक्क घोडा.

आता आईमध्ये घोडा कशाला? झालं, अभ्यास राहिला बाजूला आणि मी त्या घोड्याच्या मागे लागले, ते थेट सव्वातीन हजार वर्षं मागे जाऊन पोचले.

चीनमधला हेनान प्रांत, तिथलं आनयांग. शांग घराण्याची शेवटची राजधानी इथे होती आणि चिनी लिखाणाचा सगळ्यात जुना मोठा साठा इथेच मिळाला, इ.स.पू. १२५० च्या आसपासपासूनचा. लिहिलंय कशावर तर कासवाच्या पोटाकडच्या कवचावर नाहीतर बैलाच्या खांद्याच्या हाडावर. हे लिखाण म्हणजे राजाचं भविष्य बघणं. हाडाच्या मागच्या बाजूला छोटे खड्डे कोरायचे, तिथे तापलेलं काहीतरी टेकवायचं, पुढच्या बाजूला तडा जातो, त्या तड्यावरून शुभ की अशुभ ठरवायचं आणि मग प्रश्न काय होता ते तिथेच कोरून ठेवायचं. 'भविष्य बघणे' याचं चिनी अक्षर आजही एक उभी रेघ आणि बाजूला छोटा फाटा असं आहे, म्हणजे तो तडाच! हे वाचून मी दहा मिनिटं त्या एका अक्षराकडे बघत बसले.

आणि ही हाडं लोक चक्क औषध म्हणून खात होते. शेतात नांगरताना सापडायची, 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधाच्या दुकानात जायची, तिथे कुटून पुडी. १८९९ मध्ये बीजिंगमधले विद्वान वांग यीरोंग यांच्या लक्षात आलं की यावर जुनी अक्षरं आहेत. (ते आजारी होते आणि त्यांच्याच औषधात अक्षरं दिसली अशी गोष्ट सांगतात, पण ती जरा जास्तच फिल्मी वाटते.) पुढच्याच वर्षी परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या तेव्हा वांग यांनी विहिरीत उडी घेऊन जीव दिला. रीतसर उत्खनन सुरू व्हायला १९२८ उजाडलं आणि १९३६ मध्ये एकाच खड्ड्यात १७ हजारांवर तुकडे निघाले. त्याआधी किती अक्षरं काढ्यात उकळून पोटात गेली असतील कोण जाणे.

एक हाड तर डोक्यातून जातच नाही. राजा वू दिंगची राणी फू हाओ गरोदर आहे, बाळंतपण नीट होईल का असा प्रश्न आहे. राजा तडा बघून सांगतो, अमुक दिवशी झालं तर चांगलं, तमुक दिवशी झालं तर फारच उत्तम. आणि शेवटी निकाल कोरलाय: ३१ व्या दिवशी प्रसूती झाली, चांगलं झालं नाही, मुलगी झाली. बास, विषय संपला! आणि ही फू हाओ कोण, तर हजारोंची फौज घेऊन लढाईला जाणारी बाई, १९७६ मध्ये तिची कबर सापडली तर आत कितीतरी शस्त्रं. तिच्या नावातलं 'हाओ' म्हणजे बाई आणि शेजारी मूल, आजच्या 'नी हाओ'मधलं (म्हणजे चिनी नमस्कारातलं) तेच अक्षर, अर्थ 'चांगलं'. आता बोला.

तर घोडा. हाडांवरचा घोडा ओळखू येतो, आयाळ आहे, शेपूट आहे, पण तो शेपटीवर उभा केलाय, पाय बाजूला हवेत. कारण असं देतात की रोजचं लिखाण बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर वरून खाली व्हायचं, त्यात आडवा घोडा मावणार कसा? (दोरीने बांधलेल्या पट्ट्यांचं चित्र हे एक अक्षरच आहे, तेही हाडांवर मिळतं.) आणि सूर्य चौकोनी का, तर कडक हाडावर सुरीने गोल कोरून बघा म्हणजे कळेल.

पण आईमध्ये तो का, याचं उत्तर मला शेवटी मराठीतच सापडलं. समजा आपल्याकडे फक्त चित्रं आहेत आणि 'वर' म्हणजे उंचावर हे लिहायचंय. काय काढणार? मी नवरदेव काढीन, तोही वरच. फक्त वाचणारा गोंधळू नये म्हणून बाजूला एक बाण टाकीन. झालं चिनी अक्षर तयार! घोडा म्हणजे 'मा', आई म्हणजेही 'मा', सूर वेगळा, म्हणून आवाजासाठी घोडा आणि अर्थासाठी बाई. त्याच घोड्याला तोंड जोडलं की वाक्याच्या शेवटी येणारा प्रश्नाचा 'मा', किडा जोडला की मुंगीतला 'मा'. आज ८० टक्क्यांहून जास्त अक्षरं याच पद्धतीची आहेत. म्हणजे मी ज्याला चित्रलिपी म्हणून नाचत होते ती बरीचशी कोटीबाजी निघाली.

बाकी इतिहास नेहमीचाच. इ.स.पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने सगळी राज्यं जिंकली आणि त्याचा मंत्री ली स याच्या काळात अक्षरं एकसारखी केली. पण खरा बदल केला कारकुनांनी, रोजच्या घाईत वळणदार रेघा सरळ करून टाकल्या आणि चित्रातलं चित्रपण तिथेच गेलं. इ.स. १०० मध्ये शू शन याने ९,३५३ अक्षरं ५४० गटांत लावून कोश पूर्ण केला, पण गंमत म्हणजे ती हाडं त्याने बघितलीच नव्हती, त्यामुळे काही ठिकाणी त्याने सांगितलेली व्युत्पत्ती चुकलीय. मग १९५६ पासून चीन सरकारने अक्षरं सोपी केली, 'प्रेम'मधलं हृदय काढून टाकलं म्हणून लोक अजून टोमणे मारतात. तैवान, हाँगकाँगमध्ये जुनीच चालतात.

हाडांवरच्या साधारण साडेचार हजार चिन्हांपैकी बरीचशी अजून कुणाला वाचता येत नाहीत. २०१६ मध्ये आनयांगच्या लिपी संग्रहालयाने एकेका अक्षरामागे १ लाख युआन बक्षीस जाहीर केलं होतं. मी तूर्त चौकटीच्या वहीत जुना घोडा गिरवतेय, १० रेघा, खाली चार ठिपके म्हणजे पाय. नव्या घोड्याला तीनच रेघा आहेत, पण पाय नाहीत हो त्याला.