व्हँकूव्हरच्या विमानतळावरची टकळी

विमानातून उतरलं की सगळ्यांची एकच धावपळ, इमिग्रेशनची रांग गाठायची. व्हँकूव्हरला आई मात्र मध्येच थांबली.

"अगं, ही टकळीची चकती ना?"

समोर दगडी भिंतीवरून पाणी ओघळत होतं आणि त्यावर लाल सीडरच्या लाकडाची प्रचंड तबकडी, ४.८ मीटर व्यासाची. गरुड, हात उंचावलेली मानवी आकृती, सामन मासे. सगळं चंद्रकोरीसारख्या खोल खाचांतून उमटलेलं. आईचं अगदी बरोबर होतं! मस्कीम या आदिवासी समाजाच्या शिल्पकार सुझन पॉइंट यांचं हे काम. मस्कीम ज्यांच्यातले, त्या इथल्या कोस्ट सेलिश आदिवासींच्या बायका डोंगरी शेळीची लोकर काताना अशी लाकडी चकती वापरत. खास लोकरीसाठी पाळलेल्या कुत्र्यांचे केसही त्या सुतात मिसळत. मूळ चकती जेमतेम वीतभर, पण तीही कोरलेली. भिंतीवरचं पाणी म्हणजे तिच्यावरून सुटलेले धागे.

आईच्या शाळेत सूतकताईचा तास असे. तिथंच उभ्या उभ्या तिनं चिमटीत नसलेली टकळी फिरवून दाखवली. बायकांच्या हातातलं रोजचं अवजार एका देशाच्या दारात एवढ्या मानानं लावलेलं मी तरी आजवर कुठं पाहिलं नव्हतं.

पुढं सीडरचेच दोन पुतळे आहेत, एक पुरुष, एक स्त्री, सतरा फुटी. पाहुण्यांचं स्वागत करायला उभे. तेही सुझन पॉइंट यांचेच. त्यांच्या पायाशी मला फार भरून आलं. याच कॅनडात १८८५ ते १९५१ पर्यंत किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या पॉटलॅच या मेजवानीच्या आणि भेटी वाटण्याच्या समारंभावर कायद्यानं बंदी होती. मुखवटे जप्त झाले, माणसं तुरुंगात गेली. कोरीवकामाला जगायला जागा हवी ती अशा समारंभांत, घरांत, दारांत. तीच हिरावली गेली होती. म्हणून हे पुतळे काचेच्या कपाटात नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेवर आहेत, याचं मोल मला मोठं वाटतं.

विमानतळ ज्या सी आयलंड बेटावर आहे ती मस्कीमांची पिढीजात भूमी. २०१७ च्या करारानुसार विमानतळ आपल्या वार्षिक उत्पन्नातला १ टक्का त्यांना देतो. त्यांची वस्तीही लांब नाही. टॅक्सी पुलावर आली तेव्हा मी आईला फ्रेझर नदीचा पलीकडचा काठ दाखवला. तिथंच, थोडं पश्चिमेला.