जनरल रजिस्टर घरी कसं न्यायचं?

“मॅडम, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायला माझी ना नाही, पण जनरल रजिस्टर घरी कसं न्यायचं?” आजच्या बैठकीत आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील भाऊसाहेबांनी हा प्रश्न विचारला आणि क्षणभर कुणालाच उत्तर सुचले नाही.

नंतर मी मुद्दाम ते रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची नोंद असलेली वही, पाहिले. कापडी बांधणीचे, कडा झिजलेले, आणि जन्मतारखेच्या रकान्यात लाल शाईने केलेल्या दुरुस्तीशेजारी प्राचार्यांची सही. दाखला द्यायचा तर आजही हेच पान उघडावे लागते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आम्ही प्राध्यापक घरून शिकवायला शिकलो आणि प्रशिक्षणेही आमचीच झाली. भाऊसाहेब मात्र महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला मुलीच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या मोबाइलचा डेटा खर्चून रात्री उशिरा बसत, कारण दिवसा त्यावर तिचे वर्ग चालत. कार्यालयाला लॅपटॉप देण्याचा विषय तेव्हा निघाला नाही, आजच्या विषयपत्रिकेवरही नव्हता, आणि याची मला मनापासून लाज वाटली.

पुढच्या बैठकीत मी लॅपटॉपचा विषय मांडणार आहे. तुमच्या महाविद्यालयात जुन्या नोंदी स्कॅन झाल्या आहेत का, आणि ते काम कुणी, कसे केले?