चौघांपैकी आपला नगरसेवक कोणता?

जानेवारीपासून, म्हणजे छत्रपती संभाजीनगर महापालिकेचा निकाल लागल्यापासून, सोसायटीचा सचिव या नात्याने मला एकच प्रश्न सतत विचारला जातो: ‘चौघांपैकी आपला नगरसेवक कोणता?’ टँकर आला नाही, चेंबर तुंबले, पथदिवा बंद पडला, कारण काहीही असो, फोनचा शेवट याच प्रश्नाने होतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. आपल्या प्रभागातून निवडून आलेले चौघेही आपलेच आहेत. हे सांगितले की समोरचा माणूस ‘म्हणजे कोणीच नाही’ असे म्हणून हसतो, आणि त्याचे हसणे अगदीच बिनबुडाचे आहे असे मला म्हणवत नाही.

गोंधळाचे मूळ जुन्या सवयीत आहे. आपल्या शहरात २०१५ ची निवडणूक एका वॉर्डाला एक सदस्य या पद्धतीने झाली होती. त्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ सहा वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले तेव्हा वॉर्ड जाऊन प्रभाग आलेले होते: ११५ सदस्य, २९ प्रभाग, त्यांतील २८ प्रभाग चौघांचे आणि एक तिघांचा. मधल्या काळात राज्याने कायदाही स्थिर ठेवला नाही. आधी एकसदस्यीय, मग तीन सदस्यांचा आणि २०२२ मध्ये पुन्हा चार सदस्यांचा प्रभाग, असे निर्णय सरकारागणिक फिरत राहिले. मुंबईला मात्र एका वॉर्डाला एक नगरसेवक हीच पद्धत कायम राहिली. मतदारांची सोय पाहून हे बदल झाले, यावर माझा विश्वास नाही.

मतदानाचा दिवस संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला आला होता. आमच्याकडे करीला कोणी नव्या कामाला हात लावत नाही, तरी रांग चांगली होती. माझ्यापुढे शेजारच्या वयस्कर मावशी होत्या. त्यांनी पडद्याआड जाऊन एक बटण दाबले आणि कर्तव्य झाल्याच्या समाधानाने त्या बाहेर निघाल्या. यंत्राचा आवाज झाला नाही म्हणून अधिकाऱ्याने त्यांना थांबवले. ‘मावशी, अजून तीन मते राहिली.’ मावशी म्हणाल्या, ‘अहो, मला एकच माणूस पसंत आहे, बाकीच्यांचं मी काय करू?’ अ, ब, क, ड या चारही जागांवर मत नोंदवल्याशिवाय तो लांब आवाज होत नाही, आणि कोणीच पसंत नसेल तर प्रत्येक जागेखाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण असते, असे त्यांना समजावून सांगावे लागले. त्या परत गेल्या. आत त्यांनी काय केले हे विचारण्याचा मला अधिकार नाही, परंतु त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

आता त्या अक्षरांविषयी. ‘आपण ड मध्ये येतो ना?’ असे मला अनेकांनी विचारले आहे. कोणतीही गल्ली अ मध्ये किंवा ड मध्ये येत नाही. ही अक्षरे जागांची आहेत, जमिनीची नव्हेत. कोणती जागा अनुसूचित जातीसाठी, कोणती नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, कोणती महिलांसाठी आणि कोणती सर्वसाधारण, हे ठरवून त्या जागांना ओळख दिली जाते, इतकाच त्यांचा अर्थ. प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. चारही मते एकाच चिन्हाला देण्याचे बंधन नसते आणि चारही मते एकाच उमेदवाराला देताही येत नाहीत. निवडून आल्यावर मात्र चौघांचे कार्यक्षेत्र एकच, संपूर्ण प्रभाग.

प्रत्यक्षात काय होते ते बीड बायपासच्या पलीकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. गुंठेवारीतली घरे, अर्धवट ड्रेनेज लाइन आणि टँकरवर भागणारे पाणी, असा आपला भाग. पावसाळ्याच्या तोंडावर ड्रेनेजसाठी मी एका सदस्याकडे गेलो तेव्हा त्यांनी अतिशय सौजन्याने चहा दिला आणि ‘तो पट्टा आम्ही आपसांत दुसऱ्यांकडे दिला आहे’ असे सांगितले. दुसऱ्यांनी तिसऱ्यांचे नाव घेतले. ही वाटणी कोणत्याही कायद्यात नाही. ती त्यांची सोय आहे आणि आपण ती मान्य केली तर चार मते देऊनही आपल्या वाट्याला एकच प्रतिनिधी उरतो, तोही आपण न निवडलेला.

म्हणून मी आता अर्जाची पद्धत बदलली आहे. मायन्यातच चौघांची नावे एकाखाली एक लिहितो, चारही प्रती स्वतः नेऊन देतो आणि सोसायटीच्या प्रतीवर प्रत्येकाची पोच घेतो. ड्रेनेजच्या अर्जावर आतापर्यंत तीन सह्या झाल्या आहेत. चौथ्या ठिकाणी कार्यालयातल्या मुलाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला विचारले, ‘काका, यात आमच्या साहेबांचं नाव चौथं का?’ पुढच्या अर्जात ते पहिले लिहीन असे मी कबूल केले आहे. सही सोमवारी मिळणार आहे.