नव्वद दिवसांची हजेरी

आज थायलंडमधल्या चियांग माईच्या इमिग्रेशन ऑफिसात हजेरी लावून आलो. दर 90 दिवसांनी 'मी अजून याच पत्त्यावर आहे' हे कळवावं लागतं. वय पन्नाशीपार आणि थाई बँकेत 8 लाख बाट, की निवृत्तांच्या व्हिसावर वर्षभर राहता येतं. पुढच्या वर्षी पुन्हा तीच फाईल. रांगेत पुढे एक जर्मन आजोबा, झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून. माझाही तसाच होता. हसलो दोघं.

येताना बाजारात कोथिंबीर घेतली. इथे ती मुळांसकट विकतात, वाटणात मुळंच घालतात. बायकोने कालच तसं वाटण लावून आमटी केली, फक्कड!

यूट्यूबवाले सांगतात ती इथली स्वस्ताई खरी आहे. पण मार्चात शेतं-जंगलं पेटली की धुरात दोई सुथेपचा डोंगर गायब होतो, हे ते सांगत नाहीत. मास्कचा खोका आत्ताच आणून ठेवलाय.